जागच्या जागी

सोलापुरात विजापूर वेशीजवळ माझे डीटीपीचे दुकान. आता पुतण्या बघतो. तेव्हा मी एकटाच होतो. आठ बाय दहाची खोली, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि बाहेर पाटी : मराठी, उर्दू, इंग्रजी टायपिंग करून मिळेल. मराठीसाठी श्रीलिपी, उर्दूसाठी इनपेज, पाने लावायला पेजमेकर. शाबान लागला की सहरी-इफ्तारची वेळापत्रके, ईद झाली की लग्नाचे रुक्के, जूनमध्ये शाळेचे अर्ज, निवडणूक आली की हँडबिले. या गर्दीत वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकेही हाताखालून जायची. त्यात पैसा नव्हता, पण मन रमायचे. 1990 साली आमच्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी कॉलेजात होतो. खुर्च्या मांडणाऱ्या पोरांत होतो. तेव्हापासून मराठीत लिहिणारा आपला माणूस दुकानात आला की माझा पानाचा दर आपोआप खाली यायचा.

सर 2004 साली आले. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, खिशाला दोन पेने : एक निळे, एक लाल. आठवणींचे पुस्तक करायचे होते. हाताने लिहिलेली पाने आणायची, मी टाइप करायचे, कच्चे प्रूफ काढून द्यायचे. सर ते घरी नेऊन लाल पेनाने तपासायचे. मग मी दुरुस्त करायचे. पुन्हा प्रूफ, पुन्हा लाल पेन. शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या तशा ते स्वतःच्या वह्या तपासत होते.

मी कामाला शिस्त लावली होती. सरांच्या नावाचे एक फोल्डर. त्यात पुस्तकाच्या भागांची सहा फोल्डरे : मोहल्ला, शाळा, गिरणी, अम्मी, दोस्त, अब्बा. प्रत्येकाच्या पोटात आणखी तीन : कच्चे, तपासलेले, पक्के. लेख पुढच्या पायरीवर गेला की त्याची प्रत पुढच्या फोल्डरात करायची आणि दुरुस्ती त्या प्रतीत करायची. फाइलीचे नाव मात्र तिन्हीकडे एकच. तेव्हाचे मराठी फाँट कागदावर मराठी दाखवायचे, फाइलीच्या नावात ते चालायचे नाहीत. म्हणून नावे इंग्रजी अक्षरांत, आखूड : 'अम्मी-1', 'अम्मी-2'. कुठली 'अम्मी-2' पक्की आणि कुठली कच्ची, हे फाइलीच्या नावावरून कळत नव्हते. ती कुठल्या फोल्डरात आहे त्यावरून कळायचे. मला तेव्हा यात काही गैर वाटले नाही. प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती.

'अब्बा' हे फोल्डर रिकामे होते. सर म्हणाले होते, "आधी जागा करून ठेव, बेटा. लिहीन." 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका गावातून अम्मी त्यांना घेऊन सोलापूरला आली. वडील मागून येणार होते. ते आले नाहीत. एवढेच त्यांनी मला सांगितले होते, तेही प्रिंटर गरम होईपर्यंतच्या वेळात.

2005 च्या डिसेंबरात माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. दुरुस्ती करणारा म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, आवश्यक तेवढे काढून घ्या. हार्ड डिस्क 80 जीबीची, जवळजवळ भरलेली. त्यात लग्नपत्रिकांची डिझाइने, ग्राहकांचे फोटो, पोराने भरलेली गाणी. आणि काढून घ्यायला माझ्याकडे सीडी : एका सीडीत 700 एमबी. सगळे उचलणे शक्यच नव्हते. निवडून घ्यायचे होते.

मी काय केले ते नीट सांगतो, कारण ही चूक आजही लोक करतात. विंडोजच्या सर्चमध्ये पेजमेकरच्या फाइलींचे आडनाव टाकले : 'स्टार डॉट पीएमडी'. डिस्कभर विखुरलेल्या सगळ्या पेजमेकर फाइली एका यादीत आल्या. मला वाटले, वा, काय सोपे काम. सगळ्या निवडल्या, कॉपी केल्या आणि 'बॅकअप' नावाच्या एका नव्या फोल्डरात ओतल्या. मध्येच कॉम्प्युटरने विचारले : या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दोनदा विचारले, तीनदा विचारले. दुकानात गिऱ्हाईक उभे होते. मी 'येस टू ऑल' दाबले. त्यानंतर त्याने काही विचारले नाही.

इनपेजच्या आणि वर्डच्या फाइलींचेही तसेच केले. सीडी भरली, तिच्यावर मार्करने तारीख घातली आणि फॉरमॅटला हो म्हटले.

सर त्या दिवसांत आजारी होते. त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत. उन्हाळ्यात गेले. चाळिसावा झाल्यावर त्यांची मुलगी आली. मी तिला आपा म्हणतो. म्हणाली, "भाई, अब्बांचं पुस्तक तेवढं पुरं करू या. ते म्हणायचे, सगळं तुमच्या कॉम्प्युटरात ठेवलंय."

मी सीडी लावली. एकच फोल्डर, त्यात सगळ्या फाइलींची खिचडी. कुणाची पत्रिका, कुणाच्या संस्थेची घटना, कुठले हँडबिल, आणि त्यांच्यात सरांचे लेख. प्रत्येक लेख एकदाच. तीन-तीन पायऱ्यांपैकी एकच उरली होती. कॉपी होताना जी शेवटी आली तिने आधीच्या दोघींना पुसून टाकले होते. उरलेली पहिली, मधली की शेवटची, ते फाइल सांगत नव्हती. सांगणारी गोष्ट म्हणजे फोल्डरचे नाव, आणि ते मी मागेच सोडून आलो होतो. हाताने लिहिलेली पाने सरांच्या घरी होती, पण ती पहिल्या खर्ड्याची. लाल पेनाची प्रुफे दुरुस्ती झाली की मी रद्दीत घालायचो. सरांचा शेवटचा हात फक्त माझ्या कॉम्प्युटरात होता.

आपल्याकडे अमानत हा शब्द फार जड आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी ठेवलेली असते, आणि ती ज्याची त्याला परत करण्याचा कुरआनात हुकूम आहे. मी लहानपणापासून समजत आलो की अमानतीत खयानत म्हणजे पैसे खाणे, दागिना विकणे. दुकानात बसून 'येस टू ऑल' दाबणे हीही खयानत होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. मी आपाला खरे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग पर्समधून तिने सरांची डायरी काढली.

त्या डायरीने थोडे वाचवले. सर शिक्षक होते, त्यांनी माझ्या कॉम्प्युटरातल्या फोल्डरांची यादी आपल्या हाताने उतरून ठेवली होती : भाग, लेख, आणि पुढे कच्चे दिल्याची, तपासून दिल्याची, पक्के झाल्याची तारीख. फाइल कॉपी केली तरी तिच्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख सहसा तशीच राहते. मी एकेका फाइलीची तारीख वाचायचो, आपा डायरीत बोट ठेवायची. तीन संध्याकाळी आम्ही हेच केले. सतरा लेख होते. सहा पक्के निघाले, चार तपासलेले, सात कच्चे.

सात कच्च्यांत 'अम्मी-2' होता. त्यात एक वाक्य होते, की माझी अम्मी निरक्षर होती. आपा म्हणाली, "हे अब्बांनी बदललं होतं." आणि मलाही आठवले. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, "तो शब्द काढ. ती निरक्षर नव्हती रे. कुरआन वाचायची, अरबी सगळी यायची. तिला सही करता येत नव्हती, एवढंच. मी आयुष्यभर तिला निरक्षर म्हणालो, शाळेच्या फॉर्मवरसुद्धा." तो शब्द मी स्वतः काढला होता. कच्च्या प्रतीत तो परत येऊन बसला होता.

तेवढे एक वाक्य आम्ही दुरुस्त केले, कारण दोघांना आठवत होते. बाकी सात लेखांत आणखी काय काय बदलले होते, कुठे त्यांनी स्वतःचा शब्द मागे घेतला होता, ते आम्हाला माहीत नाही. पुस्तक निघाले. मनोगतात आपाने लिहिले, की काही लेख पहिल्या खर्ड्याचे आहेत. कारण तिने लिहिले नाही. ते मी आज लिहितो आहे.

त्या घटनेवर मी पुष्कळ विचार केला, आणि मला जे सुचले ते आपल्याच घरचे होते. हदीसला दोन अंगे असतात : मत्न म्हणजे मजकूर, आणि इस्नाद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असो, साखळी तुटली की आलिम त्या हदीसला जईफ ठरवतात. फाइलीचेही असेच आहे. 'सर, पुस्तक, अम्मी, पक्के, अम्मी-2' ही तिची साखळी. नुसती 'अम्मी-2' म्हणजे रावी नसलेली रिवायत. ती खोटी आहे असे नाही, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

आणि जतन करणे हे काही कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेले खूळ नाही. इ.स. 633 च्या सुमारास यमामाच्या लढाईत बरेच हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर यांनी हजरत झैद बिन साबित यांच्यावर कुरआन एकत्र करण्याचे काम सोपवले. पाठ असलेले आणि लिहिलेले ताडून पाहून ते झाले. ती प्रत पुढे हजरत हफ्सा यांच्यापाशी राहिली. हजरत उस्मान यांच्या काळात तिच्यावरून प्रती करून मोठमोठ्या शहरांत धाडल्या. एक प्रत पुरेशी नाही, एकाच ठिकाणी ठेवणे बरे नाही, माणसाच्या आठवणीवर सगळे सोपवू नये, हे आपल्या इतिहासात पहिल्या पानांवर आहे. आणि त्यात आयतींची जागा हलू दिली नाही, हेही.

मग मी काम शिकून घ्यायचे ठरवले. पुतण्या तेव्हा डिप्लोमा करत होता. त्याने मला काळ्या पडद्यावरचा 'एक्सकॉपी' हा हुकूम दाखवला. डॉसच्या काळापासूनचा, विंडोजमध्ये बसल्या जागी असलेला. त्याला सांगायचे : कुठून, कुठे, आणि कुठल्या आडनावाच्या फाइली. पुढे 'स्लॅश एस' जोडले की तो पोटातल्या सगळ्या फोल्डरांत उतरतो, हव्या त्या फाइली उचलतो आणि पलीकडे तशीच फोल्डरे उभारून ज्या-त्या फाइली ज्या-त्या ठिकाणी ठेवतो. 'स्लॅश डी' जोडले की पलीकडच्या प्रतीपेक्षा नव्या असतील तेवढ्याच घेतो. मी पाहत राहिलो. ज्याच्यासाठी मी सर्चच्या यादीत शिरलो होतो, ते एका ओळीचे काम होते.

आज तेच काम रोबोकॉपी करते. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच येते. निवड तिच्यावर नीट सोपवता येते. काय घ्यायचे ते सांगायचे : पेजमेकर, इनपेज, वर्ड, पीडीएफ. काय सोडायचे तेही : गाणी, तात्पुरत्या फाइली, 'डाउनलोड' नावाचा उकिरडा. माझ्या यादीत फाँटच्या फाइलीही आहेत. जुन्या मराठी फाइलींच्या पोटात मराठी नसते, इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात. तो फाँट नसला तर सरांचा लेख उघडतो, पण वाचता येत नाही. पुस्तकातले फोटोही घ्यावे लागतात, कारण पेजमेकर मोठा फोटो सहसा पोटात ठेवत नाही, त्याचा पत्ता ठेवतो. पत्ता बदलला की फाइल उघडताना तो विचारत बसतो, फोटो कुठे आहे? आणि पक्क्या झालेल्या कामाची पीडीएफ शेजारीच ठेवतो, कारण पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. ते उघडणारी यंत्रे किती दिवस राहणार?

हा हुकूम एका लहानशा बॅच फाइलीत लिहून ठेवला, की पुन्हा टाइप करावा लागत नाही. आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरला वेळ नेमून दिली, की दाबावाही लागत नाही. माझा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे. रोज हाताने कॉपी करीन म्हणणारा माणूस ईदच्या गर्दीत विसरतो, घरात लग्न निघाले की विसरतो. विसरला तर निदान कालचे आहे, पण घाईत केले तर 'येस टू ऑल' दाबतो. यंत्राला घाई नसते. सुरुवातीला मी रात्री साडेनऊची वेळ दिली होती, तर नेमके तेव्हा लोडशेडिंग. आठवडाभर काहीच कॉपी झाले नव्हते आणि मी निर्धास्त झोपत होतो. मग वेळ बदलली. आताच्या विंडोजमध्ये, वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव, अशी खूण करता येते. ती करावी.

दोन सावधगिऱ्या. एक म्हणजे रोबोकॉपीला 'मिरर', म्हणजे आरसा, असा एक पर्याय आहे. नाव छान आहे, पण आरशापुढून माणूस हटला की आरशातूनही हटतो. इकडे चुकून पुसलेली फाइल तो तिकडूनही पुसतो. अमानतीच्या जागी मी तो वापरत नाही. मोबाइलमधले, इंटरनेटवरचे जे आपोआप सारखे ठेवणारे सोयीचे फोल्डर असतात, त्यांचाही स्वभाव बराचसा आरशाचाच. दुसरी म्हणजे, जुनी फाइल नव्या प्रतीवर बसू नये यासाठी 'स्लॅश एक्स-ओ' जोडतो. जुन्या कच्च्याने पक्क्याला पुसू नये, एवढेच मागणे.

प्रत दोन ठिकाणी असते. एक डिस्क दुकानात, एक घरी कपाटात, आणि काम झाले की दोन्ही वायर काढून. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस सोडत नाही. शुक्रवारी जुम्म्याला निघण्याआधी मी रोबोकॉपीने लिहिलेली नोंद वाचतो : किती घेतल्या, किती सोडल्या, किती जमल्या नाहीत. महिन्यातून एकदा कपाटातल्या डिस्कवरचे कुठलेही एक फोल्डर उघडतो आणि त्यातली फाइल खरोखर वाचून पाहतो. 2005 साली मी सीडीवर तारीख घातली होती, पण ती लावून पाहिली नव्हती. पाहिली असती तर फॉरमॅट मारण्याआधी दहा मिनिटांत सगळे कळले असते.

सरांचे फोल्डर मी डायरीवरून पुन्हा उभे केले. सहा भाग, त्यांच्या पोटातल्या तीन-तीन पायऱ्या, सतरा लेख जिथले तिथे. 'अब्बा' हेही केले. आपाला पेनड्राइव्हवर ते दिले तेव्हा तिने एकेक उघडून पाहिले. 'अब्बा' उघडले तर कॉम्प्युटरने सांगितले, हे फोल्डर रिकामे आहे. ती म्हणाली, "आमच्यासमोर त्यांनी दादांचं नाव कधी काढलं नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना आठवायचंच नाही." मग म्हणाली, "लिहायचं होतं तर."

एक्सकॉपी काय, रोबोकॉपी काय, नुसते 'स्लॅश एस' दिले तर रिकामी फोल्डरे सोडून देतात. त्यांच्या हिशेबी तिथे न्यायला काही नसते. 'स्लॅश ई' दिले तर तीही घेतात. मध्ये एकदा पुतण्याने यादी आवरायला घेतली. म्हणाला, "चाचा, हे एक फोल्डर रिकामंच आहे कधीपासून. काढून टाकू? नाहीतर एसने काम भागतंय."

मी म्हटले, "ई राहू दे."